घमेल्याखालचं पाऊल

चहा आधी संपवा, मग सांगते. मागच्या वेळी हे सांगताना माझ्या जावेच्या नाकातून चहा आला आणि त्याचाही ठपका माझ्यावरच पडला.

एरवी माझे घोटाळे घरातल्या घरात राहतात. आमटीत मीठ दोनदा, चष्मा फ्रिजमध्ये, असले. पण हा घोटाळा पोलिसांच्या पंचनाम्यात गेला. त्याखाली दोन पंचांच्या सह्या झाल्या आणि मोबाइलवर त्याचं चित्रणही झालं. सरकारदरबारी अशी नोंद झालेली आमच्या घराण्यातली मी पहिलीच.

आमची वाडी रेवदंड्याला. नारळ, सुपारी, आणि मधल्या घराच्या चार खोल्या पाहुण्यांसाठी काढलेल्या. मागे विहीर आहे आणि विहिरीवर पाण्याची मोटार. मोटार चालली तर वाडी जगते, इतका साधा हिशेब. त्यातून मे महिना. सुपारीची नवी रोपं लावलेली, त्यांना पाणी चुकलं तर पाऊस येईपर्यंत काड्या उरायच्या.

विहिरीच्या अंगालाच राखणदाराचं स्थान आहे. शेंदूर लावलेला दगड, बाकी काही नाही. पण तिथे चपला घालून जायचं नाही. जास्वंदीपाशी चपला काढायच्या, मग पुढे. माझ्या सासूबाईंनी लग्नानंतर मला पहिली कुठली गोष्ट शिकवली असेल तर ही. चहा कसा करायचा ते नंतर.

तर त्या दिवशी सकाळी नळाला पाणी नाही. मी स्वयंपाकघरातून ओरडले, "अहो, मोटार लावा."

"लावली की," हे अंगणातून म्हणाले. आमचे हे शांत गृहस्थ. घर पेटलं तरी आधी वर्तमानपत्राची घडी घालतील.

मी तणतणत मागे गेले. बघते तर मोटार नाही. चौथऱ्यावर नुसते बोल्ट उभे, पाइप उघडा, त्यातलं साचलेलं पाणी वाहून खाली चिखल झालेला. मी अशी किंकाळी फोडली की पाहुण्यांच्या खोलीतलं बाळ उठलं. आणि तशीच धावत घराकडे आले.

आता इथे माझ्याबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. रात्रीची भांडी आवरली की मी टीव्हीवर गुन्ह्यांच्या मालिका बघते. इतकी वर्षं बघते की खुनी कोण ते मला जाहिरातींच्या आधी कळतं. त्यामुळे बाकीच्या बायकांसारखी मी रडत बसले नाही. डोकं एकदम थंड झालं. पहिली गोष्ट काय? गुन्ह्याची जागा सुरक्षित करायची.

"कोणी पुढे यायचं नाही," मी ह्यांना जास्वंदीपाशीच थांबवलं आणि एकटी सांभाळून चौथऱ्याकडे गेले. दगडी पाथरीवरूनच गेले, चिखलात पाय न घालता. आणि तिथे मला ते दिसलं.

पाऊल. चिखलात उमटलेलं, डाव्या पायाचं, अनवाणी, एकुलतं एक. इतकं स्पष्ट की चोराने मुद्दाम सही करून ठेवल्यासारखं.

"घमेलं आणा," मी म्हटलं.

"घमेलं कशाला?"

"पुरावा झाकायला. कुत्रं फिरलं तर?"

ह्यांनी घमेलं आणलं. मी ते पावलावर पालथं घातलं, वर दगड ठेवला. आता चारी बाजूंनी अडवायला काहीतरी हवं होतं. मालिकेत पिवळी पट्टी असते, आमच्याकडे कुठली? पण देवाची कृपा बघा, चौथऱ्यावरच एक लांबलचक हिरवी नायलॉनची दोरी पडली होती, एका टोकाला लोखंडी कडी. वाडीत दोऱ्यांना काय तोटा, आमच्या गड्याची, नामदेवची असेल म्हटलं. सुपारीच्या चार झाडांना वेढा घालून मी ती घट्ट बांधली. अशा गाठी मारल्या की बैलाला सुटू नयेत. मग खोक्याचा पुठ्ठा फाडला, त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'पुरावा आहे. हात लावू नये.' आणि तो पुठ्ठा त्या कडीलाच अडकवला.

लांब उभी राहून बघितलं. शपथ सांगते, मालिकेपेक्षा बरं दिसत होतं.

ह्यांनी पोलिसांना फोन केला. तोवर शेजारचे बाळूभाऊ आले. बाळूभाऊंची वाडी आमच्या कुंपणाला लागून. मनाने वाईट नाही, पण कुठल्याही बातमीला आपला हात लागल्याशिवाय ती बातमी पुरी झाली असं त्यांना वाटत नाही.

"वयनी, बगू तरी," ते दोरीवरून वाकून म्हणाले.

"लांबून बघायचं."

"लांबूनच बगतो. घमेला तरी उचला."

मी उचललं. आता मी केलेलं काम कोणीतरी बघावं असं कोणाला वाटत नाही? त्यांच्यामागून आणखी दोघं आले, त्यांनाही दाखवलं. मग पाहुणे आले, बाळाला घेऊन. घमेलं उचलायचं, दर्शन द्यायचं, परत झाकायचं. थोड्या वेळाने तर माणसं जास्वंदीपाशी चपला काढून रांगेत उभी होती.

"पाय अनवाणी हाय," बाळूभाऊंनी तर्क केला.

"अनवाणीच असणार," मी म्हटलं. "विहिरीवर चपला घालून कोण जातं?"

सगळ्यांना ते पटलं. इथे आमच्या आळीची अक्कल बघून घ्या. एकालाही त्यात काही वावगं दिसलं नाही.

बाळूभाऊ अजून वाकलेलेच होते. मग ते हळूच म्हणाले, "वयनी, बोटा चारच हायत."

मी बघितलं. खरंच. अंगठा आणि त्याच्या शेजारची तीन. करंगळीच्या जागी नुसता चिखल.

रांगेतल्या सगळ्यांच्या मनात एकच नाव आलं, ते मला तोंडांवरून दिसलं. आमच्या आळीत बारा महिने अनवाणी फिरणारा, आणि डाव्या पायाला करंगळी नसलेला माणूस एकच. नामदेव.

नामदेव आमची वाडी बघतो. माडावर चढणं, नारळ पाडणं, शिंपणं, सगळं त्याच्याकडे. कोयत्याने त्याची करंगळी गेली तीही आमच्याच वाडीत, आमचेच नारळ सोलताना. वादळाच्या वर्षी आमचे माड आडवे झाले, रस्ता बंद झाला, फोन बंद झाले, तेव्हा पडलेल्या झाडांवरून चढत उतरत सगळ्यात आधी आमच्या दारात कोण उभा होता? स्वतःच्या घराचे पत्रे उडालेले असताना? त्या माणसाने माझी मोटार चोरावी?

आणि नेमका तो त्या दिवशी कामावर आला नव्हता. बायकोला घेऊन आदल्या दिवशी पालीला गेला होता, गणपतीच्या दर्शनाला. मला सांगून गेला होता. पण आता लोकांना त्यातही अर्थ दिसायला लागला.

"पालीला गेला म्हनतो, कोनी बगितला?" बाळूभाऊ म्हणाले.

घमेल्याखाली चोर सापडावा म्हणून मी सकाळपासून राखण करत होते, आणि सापडला तो माझ्या घरचा माणूस. खोटं कशाला बोलू, मनात आलं की सगळ्यांना चहाच्या निमित्ताने ओसरीवर न्यावं, घमेलं उचलावं आणि त्या पावलावरून एक पाय फिरवावा. पण पुरावा नष्ट करणं हा गुन्हा, हेही मालिकेनेच शिकवलेलं. मग घमेल्याशेजारी पाथरीवर बसून राहिले. कोणी दर्शन मागितलं की म्हणायचे, आता बंद.

एवढ्यात पोलीस आले. हवालदार म्हात्रेबाई आणि त्यांच्याबरोबर एक शिपाई. आजूबाजूच्या वाड्यांतून बऱ्याच मोटारी गेल्या होत्या, म्हणून ठाण्यात हे प्रकरण मनावर घेतलेलं. शिवाय म्हात्रेबाई नुकत्याच कसल्याशा प्रशिक्षणाला जाऊन आल्या होत्या. त्या दोरीबाहेर उभ्या राहिल्या. पुठ्ठा वाचला.

"हे कोणी केलं?"

"मी," मी घाबरत म्हटलं.

"छान केलंत, काकू. आम्ही येईपर्यंत लोक सगळं तुडवून ठेवतात."

दुसरी वेळ असती तर मी हे वाक्य चौकट करून भिंतीवर लावलं असतं. तेव्हा नुसतं कसंतरी हसले.

म्हात्रेबाईंनी बाळूभाऊंना आणि आमच्या पाहुण्यांपैकी एकांना पंच म्हणून उभं केलं. शिपाई मोबाइलवर चित्रण करायला लागला. घमेलं उचललं, पावलाशेजारी मोजपट्टी ठेवली, फोटो काढले. मग बाईंनी पिशवीतून पांढरी पूड काढून पाण्यात कालवली आणि अलगद पावलात ओतली. माझं माहेर पेणचं. ती पूड बघून मला राहवलं नाही.

"गणपतीचं प्लास्टर का हो?"

"तेच. सुकेपर्यंत हात लावू नका."

आणि ते सुकत असतानाच नामदेव आला. पालीहून थेट, हातात प्रसादाची पुडी, मागे बायको. एवढी माणसं बघून दोघं जास्वंदीपाशीच थांबली. काढायला पायात चपला नव्हत्याच.

"काय झाला वयनी?"

"मोटार गेली रे," मी म्हटलं.

त्याने चौथऱ्याकडे बघितलं, मग माणसांकडे. सगळे त्याच्या पायाकडे बघत होते. त्याला कळायला वेळ लागला नाही. आपला पाय कुठे ठेवावा हेच त्याला सुचेना. एकावर एक ठेवला, मग मागे घेतला.

"मी न्हाय वयनी," तो म्हणाला. "गनपतीची आन."

"मला माहीत आहे रे."

मी म्हटलं खरं, पण माझ्या त्या 'माहीत आहे'ला त्या प्लास्टरसमोर काय किंमत? ठाण्यात नेलं तर उद्या सोडतीलही, पण मग या आळीत त्याला माडावर कोण चढवणार? चोर म्हणून एकदा बोट दाखवलं की झालं. आणि बोट कोणी दाखवलं? मी. घमेलं घालून, दोरी बांधून, पाटी लावून.

"मॅडम, घेऊन जावा याला," बाळूभाऊ म्हणाले. "बोटा मोजा, चारच हायत."

म्हात्रेबाईंनी वरसुद्धा बघितलं नाही. "कोणाला न्यायचं ते मी ठरवीन. तुम्ही पंच आहात, पंचासारखे उभे राहा." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "काकू, या जागी रोज जे जे येतात त्या सगळ्यांची पावलं घ्यायची असतात. घरच्यांची आधी वगळायची, उरेल तो परका. घाई करायची नाही."

त्या क्षणी ती बाई मला माझ्या सख्ख्या बहिणीहून जवळची वाटली. खोटं नाही सांगत.

बाजूला तसाच चिखल केला. आधी नामदेव. त्याने पाय ठेवला आणि उचलला. पाऊल लांबट, अरुंद, मध्ये मोठी पोकळी. म्हात्रेबाईंनी सुकलेलं प्लास्टर उचलून त्याच्याशेजारी धरलं आणि मान हलवली.

"हा तो नाही. बोटं चार आहेत, पण पाय वेगळा. हे बघा, याचा तळवा पूर्ण सपाट आहे, मध्ये पोकळीच नाही. ठसा खोल आहे, म्हणजे माणूस वजनदार. ऐंशी किलोच्या पुढे असेल. आणि सगळा भार टाचेवर."

मला एवढा आनंद झाला की काय सांगू. नामदेव म्हणजे नुसता सुतळीचा तोडा. मी बाळूभाऊंकडे वळले.

"ऐकलंत? धिप्पाड माणूस शोधा आता. फताड्या पायाचा. मेला चालतो कसा असेल बघा, टाचा आपटत, जमीन हादरवत. असा माणूस लपेल का कुठे? ऊठबस करताना धापा टाकत असेल."

"अगं," मागून हे म्हणाले.

"तुम्ही मध्ये बोलू नका. आणि मॅडम, करंगळीपण नाही त्याला, खाऊन खाऊन ती आत गेली असेल."

"अगं, ऐक," हे पुन्हा म्हणाले. आमचे हे कोणी न विचारता लागोपाठ दोनदा बोलले तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

मग ह्यांचं पाऊल घेतलं. सुबक, पाच बोटं. मग म्हात्रेबाई म्हणाल्या, "काकू, आता तुम्ही."

"माझं कशाला? मी तर तक्रार करणारी."

"नियम आहे. ठेवा डावा पाय."

ठेवला. उचलला. आणि सगळे खाली वाकले.

सपाट. खोल. टाचेत खड्डा. बोटं चार. माझ्या डाव्या पायाची करंगळी जन्मापासून शेजारच्या बोटावर चढून बसलेली आहे. ती जमिनीला टेकतच नाही. माझाच पाय, पण आजवर त्याचा ठसा बघायची वेळ कधी आली होती? सकाळी मोटार नाही बघून मी किंकाळी फोडली, तेव्हा डावा पाय चिखलात होता आणि उजवा दगडावर. बस. चोर म्हणून मी ज्याला सकाळपासून पहारा दिला ती मीच.

म्हात्रेबाईंनी प्लास्टर माझ्या पावलाशेजारी ठेवलं. बाळूभाऊंनी टोपी तोंडावर धरली आणि त्यांचे खांदे हलायला लागले.

"मला वाटलं, चोरसुद्धा चपला काढूनच आला असेल," मी कशीबशी म्हणाले. "राखणदाराचं स्थान आहे ना इथे."

"काकू," म्हात्रेबाई शांतपणे म्हणाल्या, "राखणदाराला मानणारा माणूस त्याच्यासमोरून मोटार नेईल का?"

हे इतकं सरळ होतं की अख्ख्या आळीच्या डोक्यात आलं नव्हतं. नामदेवची बायको तोंडाला पदर लावून मटकन खाली बसली. रडत होती की हसत, कळेना. बहुतेक दोन्ही.

मला आता ती जागा नजरेसमोर नको होती. "आवरते हा पसारा," म्हणत मी पहिल्या सुपारीच्या झाडाची गाठ सोडायला घेतली.

"थांबा," म्हात्रेबाई एकदम म्हणाल्या. "ही दोरी तुमची?"

"नाही, इथेच पडली होती."

"इथेच म्हणजे?"

"चौथऱ्यावर. मोटारीच्या जागी. नामदेवचीच आहे ना रे?"

"माजी न्हाय वयनी. मी काथ्याची वापरतो."

हे म्हणाले, "आपलीही नाही."

म्हात्रेबाई त्या दोरीच्या बाजूने चालत चालत कडीपर्यंत गेल्या. कडीला माझा पुठ्ठा लटकत होता. 'पुरावा आहे. हात लावू नये.' त्यांनी तो एकदा वाचला, परत वाचला, आणि मग वर्दीतली ती बाई विहिरीच्या काठावर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली.

चोराने मोटार ओढायला आणलेली दोरी मी माझ्या पावलाभोवती कुंपण म्हणून बांधली होती. खोटा पुरावा मध्ये, खरा चारी बाजूंनी, आणि वर पाटी.

हसून झाल्यावर बाईंनी काम मात्र चोख केलं. दोरी होती तशी गाठींसकट फोटोत घेतली, हातमोजे घालून उतरवली, माझ्या गाठी न सोडता मधून कापली, कागदी पिशवीत घातली, लाखेचं सील लावलं. मग पंचनाम्यात लिहून मोठ्याने वाचलं, "सदर पाऊल फिर्यादीचे स्वतःचे असल्याचे दिसून आले. सदर दोरी फिर्यादीने घटनास्थळ सुरक्षित करण्याकामी वापरली." आणि बाळूभाऊंनी त्याखाली अशी सही केली, अशी सही केली, जणू लग्नाच्या पत्रिकेवर करताहेत.

पुढचं थोडक्यात. कडीला पिवळा ऑइलपेंट खरवडून लागला होता. तसल्याच रंगाचा एक टेंपो म्हात्रेबाईंच्या बघण्यात होता. त्यावरून माग लागला, आणि आमच्या मोटारीबरोबर आणखी वाड्यांच्या मोटारी सापडल्या. चोर चपला घालणारा निघाला. पाचही बोटांचा.

कोर्टातून मोटार सोडवून आणेपर्यंत वाडीचं पाणी कोणी दिलं? बाळूभाऊंनी. कुंपणावरून स्वतः पाइप टाकला, मागितला नव्हता. नामदेवची त्यांनी तोंडाने माफी मागितली नाही, पण त्याच्या घरी अख्खी सुरमई देऊन आले, हे मला त्याच्या बायकोने सांगितलं. आमच्याकडे माफी अशीच मागतात. सुपारीचं एकही रोप गेलं नाही. आणि म्हात्रेबाईंनी त्या दिवशी घाई केली असती तर काय गेलं असतं, तो विचार मनात आला की अजून मी हात जोडते. चार बोटं मोजून नेता आलं असतं नामदेवला. त्यांनी बोटांवर न थांबता अख्खं पाऊल बघितलं.

मोटार परत बसवली त्या दिवशी नामदेवने राखणदाराला नारळ फोडला, बटण दाबलं. पाइप फुरफुरला आणि पाणी आलं. मला भरून आलं. मी त्याला म्हटलं, "नामदेव, माझ्यामुळे तुला फार सोसावं लागलं रे."

तो वाकून पाया पडायला आला, आणि मध्येच थांबला.

"वयनी, डावा पुढं करा."

"डावाच का रे?"

"त्यानंच सोडवला मला."

मी डावा पाय पुढे केला. त्याने हात लावून नमस्कार केला. मी पाय उचलला, तर खाली ओल्या मातीत ते पुन्हा उमटलेलं. सपाट, खोल, चार बोटांचं.

नामदेवने ते निरखून बघितलं. मग गंभीर तोंडाने गेला, भिंतीला टेकवलेलं घमेलं घेऊन आला, आणि अलगद त्याच्यावर पालथं घातलं.

"ऱ्हाऊ द्या वयनी," तो म्हणाला. "पुढच्या येळेला लागंल."